घानात संसार हलवताना: रुग्णालये, विमा आणि तापाची पहिली रात्र

प्रश्न नाशिकहून आला आहे. पतीला घानातील तेमा या बंदराच्या शहरात, एका कारखान्यात तीन वर्षांची नोकरी मिळाली आहे. मुलगी ४ वर्षांची आहे, पुढच्या वर्षभरात दुसऱ्या बाळाचा विचार आहे, आणि मधुमेह व रक्तदाब असलेल्या ६६ वर्षांच्या सासूबाईंनाही काही महिने सोबत न्यायचे आहे. तिथली रुग्णालये कशी आहेत, सरकारी आरोग्य विमा परदेशी माणसाच्या उपयोगी पडतो का, आणि काही मोठे दुखणे निघाले तर थेट भारतात परतणेच बरे का, अशी विचारणा आहे.

मी २००६ पासून सतरा वर्षे घानात डॉक्टर होते. पहिली चार वर्षे देशाच्या पूर्वेकडील व्होल्टा भागातील एका मिशन रुग्णालयात गेली आणि उरलेली तेमा व राजधानी अक्रा या पट्ट्यात, कारखान्यांतील कामगार आणि त्यांच्या कुटुंबांची देखभाल करण्यात. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देते. तेमात राहणाऱ्या आणि कंपनीचा वैद्यकीय विमा असलेल्या कुटुंबाला बहुतेक आजारांसाठी भारतात परतावे लागत नाही. ज्या भारतीयांचे तिथे हाल झालेले मी पाहिले, त्यांतील बहुतेक जण उशिरा आले होते, किंवा कुठे जायचे हे त्यांना आजारी माणूस गाडीत बसवल्यावर, मध्यरात्री फोन फिरवत ठरवावे लागले होते. म्हणून रुग्णालयांच्या नावांआधी तिथली व्यवस्था कशी चालते ते सांगते. ती समजली की नावे आपोआप जागेवर बसतात.

घानाची सरकारी सेवा उतरंडीसारखी रचलेली आहे. तळाशी गावातले उपकेंद्र, त्यावर आरोग्य केंद्र, मग जिल्हा रुग्णालय, त्यावर विभागीय रुग्णालय आणि सर्वांत वर शिकवणारी मोठी रुग्णालये. तळाच्या उपकेंद्राला सगळा देश ‘चिप्स’ म्हणतो. लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा तो उच्चार आहे. १९९४ मध्ये देशाच्या उत्तर टोकाला नव्राँगो येथे एक प्रयोग सुरू झाला. दवाखान्यात बसून रुग्णांची वाट पाहणाऱ्या परिचारिकेला गावातच राहायला जागा द्यायची, तिला मोटरसायकल द्यायची, गावातले स्वयंसेवक तिच्या जोडीला द्यायचे आणि गावाच्या मुखियांना या कामाचे धनी करायचे, अशी ती कल्पना होती. बालमृत्यू घटल्याचे दिसले आणि १९९९ मध्ये ते राष्ट्रीय धोरण झाले. चिप्स सुरू करण्यापूर्वी गाव एकत्र येते त्या सभेला घानात ‘दरबार’ म्हणतात. हा आपलाच शब्द ब्रिटिशांबरोबर तिकडे गेला आणि तिथे अजून रोजच्या वापरात आहे. पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला फार जवळचे वाटले.

असा एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. आंब्याच्या फांदीला तबकडीचा वजनकाटा टांगलेला, त्याच्या आकड्याला अडकवण्यासाठी प्रत्येक आईने घरून शिवून आणलेली कापडी झोळी, आणि मोटरसायकलच्या मागे बांधलेल्या शीतपेटीतून लस काढणारी तेवीस-चोवीस वर्षांची परिचारिका. वजन घेताना तिने एका बाळाच्या आईला काही न विचारता बाळाची पापणी खाली ओढून पाहिली, लगेच बोट टोचून मलेरियाची तपासणी केली आणि पंधरा मिनिटांत त्या दोघींना ट्रोट्रोत, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत, बसवून जिल्हा रुग्णालयाकडे रवाना केले. त्या बाळाला त्याच संध्याकाळी रक्त चढवावे लागले. त्या उपकेंद्रात डॉक्टर नव्हता आणि वीजही दिवसभर नसायची. तरीही घानाच्या आरोग्यसेवेचे खरे बळ कुठे आहे असे कोणी विचारले, तर मी अशा परिचारिकांकडे बोट दाखवीन.

तेमात राहून आपला चिप्सशी काय संबंध, असे वाटेल. पण तुमचे पती कामानिमित्त अक्रा ते कुमासी या दुसऱ्या मोठ्या शहरापर्यंत रस्त्याने जातील, आणि त्या रस्त्यावर काही बरेवाईट झाले तर पहिली मदत जिल्हा रुग्णालयातच मिळेल. ही जिल्हा रुग्णालये पुष्कळ ठिकाणी मिशनची असतात. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिश्चन आरोग्य संघटनेखाली ती एकत्र आलेली असून, सरकार त्यांतील बहुतेक कर्मचाऱ्यांचे पगार देते. ग्रामीण भागात रात्री बारा वाजता सिझेरियन होईल अशी जागा बहुधा मिशनचीच निघते.

उतरंडीच्या टोकावर अक्र्यातील कोर्ले बू हे नाव आहे. ब्रिटिश गव्हर्नर गगिसबर्ग यांच्या काळात १९२३ मध्ये ते उघडले आणि आज तिथे सुमारे २,००० खाटा आहेत. कुमासीचे कोम्फो अनोचे, तामाले, केप कोस्ट आणि हो येथील रुग्णालये ही इतर चार मोठी सरकारी शैक्षणिक रुग्णालये. डॉ. क्वाबेना फ्रिम्पाँग-बोआतेंग १९८९ मध्ये जर्मनीतून परतले आणि त्यांनी कोर्ले बूमध्ये हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेचे राष्ट्रीय केंद्र उभे केले. त्याआधी अशा शस्त्रक्रियेसाठी बहुतेक रुग्णांना देशाबाहेर जावे लागे. तेमात जुने सरकारी सर्वसाधारण रुग्णालय आहे आणि बंदर प्राधिकरणाने उभारलेले इंटरनॅशनल मेरिटाइम हॉस्पिटल आहे. अक्र्यात लष्कराचे ३७ मिलिटरी हॉस्पिटल, नव्याने बांधलेले रिज येथील विभागीय रुग्णालय, लेगॉन येथील विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र, आणि खासगीत १९७० पासून चालू असलेले न्याहो किंवा लिस्टर यांसारखी रुग्णालये आहेत. भाजणे, मोठा अपघात, मेंदूतील रक्तस्राव, गुंतागुंतीचे बाळंतपण अशा वेळी खासगी रुग्णालयेही अनेकदा रुग्ण कोर्ले बू किंवा ३७ मिलिटरीकडे पाठवतात, कारण तज्ज्ञांची फळी तिथे आहे. खासगी म्हणजे वरचे आणि सरकारी म्हणजे खालचे, हा आपल्याकडून सोबत नेलेला समज तिथे अनेकदा चुकतो.

आता पैशाचे. स्वातंत्र्यानंतर, १९५७ पासून, देशाचे पहिले नेते न्क्रुमा यांच्या राजवटीत सरकारी उपचार जवळपास मोफत होते. १९८० च्या दशकातील आर्थिक संकटात शुल्क आले, औषधांची पूर्ण किंमत आधी भरायची पद्धत रूढ झाली, आणि लोकांनी तिला ‘कॅश अँड कॅरी’ म्हणायला सुरुवात केली. मी गेले तेव्हा त्या काळाच्या आठवणी ताज्या होत्या. बिल भरेपर्यंत बाळंतिणीला घरी सोडले नाही, अशा हकिगती वयस्कर सिस्टर सांगत असत. अध्यक्ष कुफोर यांच्या सरकारने २००३ मध्ये कायदा करून राष्ट्रीय आरोग्य विमा योजना आणली. तिच्या निधीची रचना मला नेहमीच अभ्यासण्याजोगी वाटली आहे. सभासदांच्या वर्गणीतून येणारा वाटा लहान असतो. मोठा भाग वस्तू व सेवांवरील २.५ टक्के खास अधिभारातून आणि नोकरदारांच्या सामाजिक सुरक्षा निधीतून येतो. म्हणजे बाजारात साबणाची वडी घेणारा प्रत्येक जण या विम्यात थोडी भर घालतो. १८ वर्षांखालील मुले, ७० वर्षांवरील वृद्ध आणि अत्यंत गरीब यांना वर्गणी माफ आहे, आणि २००८ पासून गरोदर स्त्रियांना या योजनेत मोफत सेवा मिळते.

घानात कायदेशीर वास्तव्य असलेला परदेशी माणूसही या योजनेचा सभासद होऊ शकतो. त्यासाठी परदेशी रहिवाशांचे घाना कार्ड, म्हणजे तिथले ओळखपत्र, आधी काढावे लागते. माझा सल्ला आहे की वर्गणी थोडी असल्यामुळे सर्वांचे सभासदत्व घ्या, पण भिस्त कंपनीच्या विम्यावर ठेवा. सरकारी विम्यात नेहमीचे बहुतेक आजार, बाळंतपण आणि तातडीच्या शस्त्रक्रिया येतात. कायमचे डायलिसिस, अवयव प्रत्यारोपण, बहुतेक हृदयशस्त्रक्रिया, स्तन व गर्भाशयमुख यांसारखे मोजके अपवाद वगळता कर्करोग, चष्मे आणि परदेशातील उपचार मात्र येत नाहीत. शिवाय विमा प्राधिकरणाकडून रुग्णालयांची देयके कित्येक महिने तुंबतात. मग काउंटरवर ‘हे औषध संपले आहे, बाहेरून घ्या’ असे ऐकावे लागते, किंवा कार्ड दाखवूनही वरचे पैसे भरावे लागतात. अधिभारातून जमलेला पैसा सरकारने अन्यत्र वळवू नये ही तिथल्या डॉक्टरांची जुनी तक्रार आहे. २०१७ च्या कायद्याने या निधीच्या वाट्यावर मर्यादा आली होती आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ती उठवण्यात आली. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत महत्त्वाचा आरोग्यविषयक निर्णय आहे, कारण देयके वेळेवर मिळाली तरच जिल्ह्याच्या औषधसाठ्यात औषध दिसते.

कंपनीच्या विम्याबाबत रुजू होण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या रुग्णालयांत रोख न भरता दाखल होता येते, रात्री व रविवारी हमीपत्र कोण देणार, आणि परदेशी हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का. खासगी रुग्णालये दाखल करताना अनामत मागतात आणि रात्री दोन वाजता विमा कंपनीचा फोन कोणी उचलत नाही. घानात बरेचसे व्यवहार मोबाइल मनीवर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मोमो’वर चालतात. पतीच्या आणि तुमच्या, दोघांच्याही खात्यात अनामतीएवढी रक्कम कायम राहू द्या.

खाट मिळण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘नो बेड सिंड्रोम’ हा शब्द घानात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. २०१८ मध्ये एका ७० वर्षांच्या गृहस्थाला एकामागून एक सात रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले आणि त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा देश हादरला होता. त्यानंतर सुधारणा झाल्या. २०२० च्या जानेवारीत ३०७ नव्या रुग्णवाहिका देशभर वाटल्या गेल्या आणि ११२ क्रमांकावर त्या बोलावता येतात. तरी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग भरलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून गेल्यानंतर पहिल्याच आठवड्यात, सगळे ठणठणीत असताना, घराजवळच्या एका रुग्णालयात जाऊन सर्वांची नोंदणी करून घ्या. तिथे नोंदणी म्हणजे ‘फोल्डर’ काढणे. फोल्डर आधीपासून असलेला रुग्ण आणि दारात पहिल्यांदा उभा राहिलेला अनोळखी रुग्ण यांच्यात रात्रीच्या वेळी पाऊण तासाचा फरक पडतो. त्याच भेटीत, गरज पडल्यास ते पुढे कुठे पाठवतात आणि पाठवण्यापूर्वी तिकडे फोन करून खाट पक्की करतात का, हेही विचारा.

या उत्तरातील एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल तर तो तापाचा ठेवा. आपल्याकडे हिवताप म्हटले की थंडी वाजून येणारा, गोळ्या घेतल्या की उतरणारा, पुन्हा उलटणारा ताप आठवतो. तो बहुधा व्हायव्हॅक्स जातीचा असतो. घानात जवळजवळ सगळा मलेरिया फाल्सिपेरम जातीचा आहे, आणि लहानपणापासून तो अंगावर काढलेल्या स्थानिक प्रौढाच्या शरीरात जी थोडीफार प्रतिकारशक्ती तयार होते ती आपल्यात नसते. एका सोमवारी सकाळी ३१ वर्षांचा एक मराठी फिटर माझ्यासमोर आणला गेला. शुक्रवारी कामावरून येताना त्याला कणकण होती. शनिवारी त्याने घरून आणलेल्या तापाच्या गोळ्या घेतल्या. रविवारी उलट्या झाल्या, तेव्हा खोलीतल्या मित्रांनी पित्त झाले असेल म्हणून लिंबू-सरबत दिले. सोमवारी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली होती आणि तो मला गावातल्या मास्तरांच्या नावाने हाक मारत होता. शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचे औषध लगेच सुरू केले, मूत्रपिंडांनी काम थांबवल्यामुळे तीनदा डायलिसिस करावे लागले, आणि अकराव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला. शुक्रवारी रात्री बोट टोचून घेतले असते तर तीन दिवसांच्या गोळ्यांवर भागले असते. ही हळहळ मी आजही बाळगून आहे, कारण त्याच कारखान्यात मी दोन महिन्यांपूर्वी हेच सांगणारे व्याख्यान दिले होते.

तेव्हा नियम साधा ठेवा. ताप आला की त्याच दिवशी तपासणी करायची, मग तो सर्दीचा वाटो की उन्हाचा. झटपट तपासणीची पट्टी घरी ठेवता येते आणि ती वापरायला शिकणे अवघड नाही. पहिली तपासणी नकारात्मक आली आणि ताप राहिला, तर बारा ते चोवीस तासांत पुन्हा करा. उपचार पूर्ण झाल्यावरही ही पट्टी काही आठवडे सकारात्मक राहू शकते, म्हणून त्या काळात ताप उलटला तर प्रयोगशाळेत काचपट्टीवर जंतू पाहण्याची तपासणीच करावी लागते. ४ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पेंग येणे, दूध-पाणी न राहणे, झटका किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर घरी वाट पाहायची नाही. क्लोरोक्विन हे मलेरियाचे जुने औषध सोबत नेऊ नका. घानाने ते दोन दशकांपूर्वीच बाजूला ठेवले, कारण तिथल्या जंतूंवर त्याचा भरवसा उरला नव्हता. मलेरियावर आता दिल्या जाणाऱ्या आर्टेमेथर-लुमेफँट्रिनच्या गोळ्या खाण्याबरोबर, शक्यतो थोड्या स्निग्ध पदार्थाबरोबर घ्यायच्या असतात. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून त्या सोडायच्या नसतात.

प्रतिबंधक गोळ्या पहिल्या काही महिन्यांत सर्वांनी आणि पाहुण्यांनी संपूर्ण मुक्कामात घ्याव्यात असे माझे मत आहे. त्यांतील डॉक्सीसायक्लिन लहान मुलीला आणि गरोदरपणात चालत नाही, म्हणून निवड डॉक्टरांकडूनच करून घ्या. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी मात्र वातानुकूलित खोलीतही हवीच. रात्री वीज गेली की खिडक्या उघडल्या जातात. सुट्टीवर नाशिकला आल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘आम्ही घानाहून आलो आहोत’ असे सांगा. आपल्याकडे पावसाळ्यात तापाकडे डेंग्यू किंवा व्हायरल म्हणून पाहिले जाते आणि त्यात दोन मोलाचे दिवस जातात.

याला जोडून एक सावधगिरी. लहान खासगी दवाखान्यांत प्रत्येक तापाला ‘मलेरियाही आहे आणि टायफॉइडही आहे’ असे सांगून दोन्ही औषधे देण्याची सवय आहे. त्यामागे बहुतेकदा विडाल ही जुनी, बेभरवशाची चाचणी असते. टायफॉइडची खात्री रक्ताच्या कल्चरने, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याने, होते. तशी मागणी नम्रपणे, पण ठामपणे करा.

औषधे विकत घेताना फार्मासिस्ट असलेले दुकान आणि साधी औषधे विकणारे ‘केमिकल सेलर’ यांतील फरक ओळखा. अँटिबायोटिक दुसऱ्याकडून घेऊ नका. घानाच्या अन्न व औषध प्राधिकरणाची नोंदणी असलेलेच औषध घ्या. पाकीट उलटून पाहिले तर मागे मुंबई, दमण किंवा अंकलेश्वर येथील कारखान्याचा पत्ता वारंवार दिसेल, कारण घानात येणाऱ्या औषधांचा मोठा भाग भारतातून येतो. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि जबाबदारीचीही. मुंबई परिसरातील एका कंपनीने बनवलेल्या, टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेतील तरुणांना व्यसनात ओढत असल्याचे उघडकीस आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताच्या औषध नियामकाने या मिश्रणाच्या उत्पादन व निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. व्यसनात सापडलेली पोरे मी त्याआधी, ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाच्या लाटेत, तेमाच्या बसस्थानकाजवळ पाहिली आहेत. त्यांच्या आयांना तोंड दाखवताना, मी त्या गोळ्यांच्या देशाची आहे, याची मला लाज वाटत असे.

लसींच्या बाबतीत मात्र पुण्याचे नाव तिथे आदराने घेतले जाते. उत्तर घाना हा मेंदूज्वराच्या पट्ट्यात येतो. सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली स्वस्त मेनआफ्रिव्हॅक लस २०१२ मध्ये तिथे दिली गेली आणि ‘अ’ गटाच्या जंतूने होणाऱ्या साथी जवळपास थांबल्या. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी गरीब देशांना कोविडची लस पुरवणाऱ्या कोवॅक्स योजनेतील ६,००,००० मात्रांची पहिली खेप अक्र्याच्या विमानतळावर उतरली, तीही पुण्याहूनच. आमच्या शीतपेटीतील कुपीवर पुण्याचे नाव वाचून माझी घानायन सहकारी म्हणाली, “तुमच्या गावची!” गाव माझे नव्हते, पण मी हो म्हटले. लहान मुलांसाठी मलेरियाची पहिली लस घानाने २०१९ मध्ये काही भागांत नेहमीच्या लसीकरणात आणली. ती बाळांना साधारण सहाव्या महिन्यापासून देतात. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे. दुसरे बाळ तिथे वाढणार असेल तर त्याच्यासाठी अवश्य विचारा.

पिवळ्या तापाची लस ही प्रवासाचीच अट आहे. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य ठरते आणि आता ते आयुष्यभर चालते. ते नसताना घानाहून परतलात तर भारतातील विमानतळावर विलगीकरणात ठेवतात. ही जिवंत लस आहे. गरोदरपणात ती सहसा टाळतात आणि ६० वर्षांवरील व्यक्तीला पहिल्यांदा देताना जोखीम तोलावी लागते. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तुम्ही ती आधी घ्या आणि त्यानंतर किमान महिनाभर गर्भधारणा टाळा. सासूबाईंच्या बाबतीत सरकारमान्य केंद्रातील डॉक्टरांना त्यांची औषधांची यादी दाखवून निर्णय घ्या.

बाळंतपणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिथल्या मिडवाइफ उत्तम असतात. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, सिकलिंग (सिकलसेलची चाचणी), जी-सिक्स-पीडी (काही औषधांनी रक्तपेशी फुटण्याचा जन्मजात दोष), एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ‘ब’ यांची तपासणी होते. मग मच्छरदाणी मिळते, आणि चौथा महिना उलटल्यावर मलेरियापासून बचावाच्या गोळ्या सिस्टर समोर उभे राहून गिळायला लावतात. तरीही, निवडीला वाव असेल तर गरोदरपणाचे महिने तुम्ही नाशिकला काढावेत असे मी सांगेन, आणि त्याचे कारण फक्त मलेरिया हे आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या गरोदर स्त्रीला फाल्सिपेरम फार निर्दयपणे गाठतो. सुरुवातीचे महिने तिथेच राहायचे ठरले तर बाळंतपणासाठी परतायचे की नाही याचा निर्णय सातव्या महिन्यापूर्वी करा, कारण नंतर विमान कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात आणि नववा महिना लागल्यावर सहसा बसूच देत नाहीत.

रक्ताची तजवीज हा तिथला सर्वांत कमी बोलला जाणारा विषय आहे. स्वेच्छेने रक्त देणारे गरजेपेक्षा कमी असल्याने रुग्णालये नातेवाइकांकडून बदली रक्त मागतात. तुम्हाला तिथे नातेवाईक नसतील, आणि आपल्याकडे सर्रास आढळणारा ‘बी’ गट तिथे तुलनेने कमी आहे. तेमातील भारतीय कुटुंबांनी रक्तगटांची यादी करून ठेवावी यासाठी मी वर्षानुवर्षे आग्रह धरला. ज्या दोन वसाहतींनी ती केली तिथे एका बाळंतिणीचा जीव पहाटे चार वाजता आलेल्या तीन शेजाऱ्यांमुळे वाचला. अक्र्याच्या उत्तरेला ओमेनाको येथून २०१९ पासून ड्रोनने दूरच्या दवाखान्यांत रक्त, लस आणि सर्पदंशाची लस टाकली जाते. ते पाहणे विलक्षण असते, पण ड्रोनला उडवायला रक्त आधी कोणीतरी दिलेले असावे लागते. सर्पदंशावरून एक सांगते, कारण पती उत्तरेकडे जाऊ शकतात: कोकणातल्या फुरशाचा एक भाऊबंद तिथे आहे, पण भारतीय सापांच्या विषावर बनवलेली लस त्याच्या विषावर नीट चालत नाही, हे घानातच महागात पडून कळले आहे. भारतातून ती लस नेऊ नका. तिथल्या सापासाठी बनवलेली लस असलेले रुग्णालय गाठा.

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार आपला आणि त्यांचा समान आहे. घानात जन्मणाऱ्या सुमारे २ टक्के बाळांना तो असतो. १९९५ मध्ये डॉ. क्वाकू ओहेने-फ्रेम्पाँग यांनी कुमासीत नवजात बाळांची तपासणी सुरू केली. विदर्भ किंवा नंदुरबारकडील कुटुंबांनी तिथे जाण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, कारण मलेरियाच्या प्रदेशात या रुग्णांना रोजची खबरदारी लागते.

परिचारिकांबद्दल आणखी थोडे. ब्रिटनकडे जाणाऱ्या परिचारिकांची संख्या फार वाढली आहे. ज्यांच्याकडून आरोग्य कर्मचारी सक्रियपणे ओढून नेऊ नयेत अशा ५५ देशांच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या यादीतही घानाचे नाव होते. माझ्या ओळखीच्या एका वॉर्डातून एकाच वर्षात चार अनुभवी सिस्टर गेल्या आणि उरलेल्या एकीवर तीस खाटा आल्या. तिला उशीर झाला तर आवाज चढवू नका. घानात आधी नमस्कार, विचारपूस, मग काम, असा शिरस्ता आहे. ‘गुड मॉर्निंग, सिस्टर’ न म्हणता थेट मागणी करणारा माणूस उद्धट समजला जातो, आणि आपली मंडळी घाईत नेमकी तीच चूक करतात.

सासूबाईंचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. मेटफॉर्मिन, इन्सुलिन, रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात, पण त्यांच्या ठरलेल्या कंपनीची गोळी मिळेलच असे नाही, म्हणून तीन महिन्यांचा साठा मूळ पाकिटांत, औषधांच्या मूळ नावांच्या चिठ्ठीसह न्या. निघण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्तचाचणी), ईसीजी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडे आधीच दुबळी असतील तर त्यांना नेऊ नका, कारण डायलिसिस तिथे मोजक्या ठिकाणी आणि बहुधा खिशातून होते. अहवाल बरे असतील तर नोव्हेंबर ते जानेवारीचे, कमी पावसाचे महिने निवडा. मात्र तेव्हा वाळवंटाकडून हरमाटनचा धुळीचा वारा येतो, त्यामुळे दमा असल्यास पंपही सोबत द्या. आणि त्यांचे फोल्डर त्या पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काढा.